बेडकाचा कान, बाळाचा कान

१४ जानेवारी २००६, शनिवार

नाताळात गिरीशने ही डायरी दिली. "लॅबच्या वहीत फक्त बेडूक लिहितेस. माणसांसाठी एक वेगळी ठेव," म्हणाला. नवरा म्हणून चांगला आहे, पण पस्तीस वर्षं लोकांना भूल देऊन झोपवणारा डॉक्टर तो. सगळ्या जगाने जरा शांत व्हावं असं त्याला वाटतं. तीन आठवडे डायरी कोरीच राहिली. आज लिहायला बसले, कारण मला आजी होऊन तीन दिवस झाले आणि तेवढ्यात मूर्खांनी माझ्या नातवावर शिक्का मारला.

झालं असं. माझा मुलगा विनय आणि सून दिया काल बाळाला लंडनजवळ मेडनहेडला त्यांच्या घरी घेऊन गेले. हॉस्पिटलातून निघायच्या आधी एक बाई ढकलगाडीवर यंत्र घेऊन आली, बाळाच्या कानात मऊ बोंड घातलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नो क्लिअर रिस्पॉन्स." दोन्ही कानांना. जन्मल्या जन्मल्या प्रत्येक बाळाचे कान तपासायचे, ही सरकारची नवी टूम आहे.

"अरे, क्लिअर रिस्पॉन्स तर माझे पीएचडीचे विद्यार्थीसुद्धा देत नाहीत," मी विनयला फोनवर म्हटलं. तो हसला नाही. मग मी त्याला नीट समजावलं. नऊ महिने पाण्यात राहिलेलं पोर, कानात पाणी असणारच. त्या बाईचं शिक्षण ते किती? मी एकोणतीस वर्षं आतला कान कसा घडतो, एवढंच बघते आहे. बेडकाचा असला म्हणून काय झालं, सुरुवातीला बेडकाचा आणि माणसाचा कान एकाच रीतीने घडतो. डोक्याच्या बाजूला कातडीचा एक जाड ठिपका येतो, तो आत बुडतो, त्याची पिशवी होते. हुकूम देणारी जनुकंही बरीचशी तीच.

दियाला फोन दे म्हटलं, तर ती झोपली होती. तिला झोप बरी लागते.

१९ जानेवारी, गुरुवार

आमचा शोधनिबंध परत आला. नाकारलेला नाही, पण परीक्षकांनी शेपूट जोडलंय.

काम तसं साधं आहे. बेडकीला आदल्या संध्याकाळी इंजेक्शन दिलं की सकाळी ढिगाने अंडी. अंड्याचे पहिल्यांदा दोन भाग झाले की एकातून पिल्लाची डावी बाजू होते, दुसऱ्यातून उजवी. त्यातल्या एकाच भागात, आम्ही ज्याचा अभ्यास करतो ते जनुक गप्प करणारं औषध टोचतो. दुसरा भाग तसाच ठेवतो. म्हणजे एकाच पिल्लाला एक बिघडवलेला कान आणि तुलनेला शेजारीच एक धडधाकट. आमचं जनुक गप्प केलं की त्या बाजूची कानाची पिशवी निम्मी राहते. हे मी सहाशे पिल्लांत दाखवलं. आता परीक्षक विचारतात, कान लहान झाला हे ठीक, पण पिल्लाला कमी ऐकू येतं का?

हा प्रश्न मी कॅलमला दिला. कॅलम हा माझा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, मॅन्सफील्डचा. हात सोन्यासारखा, डोकं कायम रजेवर. दोन्ही बाजूंना टोचून बघतो म्हणाला. बघ बाबा.

२८ जानेवारी, शनिवार

विनयचा फोन. "आई, सेकंड टेस्ट पण तशीच आली. आता ऑडिओलॉजीची अपॉइंटमेंट दिलीय, नाइन्थ फेब्रुवारी. डोक्याला वायर्स लावून करतात म्हणे, दोन तास."

"चार आठवड्यांच्या पोराला वायरी? भर थंडीत नेऊन वेटिंग रूममधला सगळा खोकला घरी आणायचा? पुढे ढकल. दोन-तीन महिन्यांत कान कोरडे झाले की आपोआप पास होईल."

"यू आर शुअर ना?"

"मी कशातली तज्ज्ञ आहे?"

"कानातली."

"मग?"

गिरीश शेजारी पेपर वाचत होता. म्हणाला, "अगं, जाऊ दे की त्यांना. तपासून काय बिघडतं?" मी सांगितलं, ज्याला स्वतःला काही कळत नाही त्यालाच सगळ्या तपासण्या हव्या असतात. त्याने पेपरचं पान उलटलं. कॉलेजात एका बाकावर बसायचो तेव्हाही वाद सुरू झाला की हा पान उलटायचा.

५ फेब्रुवारी, रविवार

मेडनहेडला बारसं. बसायच्या खोलीत बावीस माणसं. पाळणा म्हणून वेताची टोपली, तिला बलून बांधलेले. दियाची आई मनीषा ईलिंगहून पातेलंभर घुगऱ्या घेऊन आली होती. दिया तिथलीच, ईलिंगला जन्मली, वाढली, आता मेडनहेडला प्रायमरीत शिकवते. मराठी बोलते, पण कोणत्या शब्दाला कोणतं लिंग लावेल, ते त्या शब्दाच्या नशिबावर.

आत्या म्हणून आमची देविका लीड्सहून आली. टोपलीत वाकून तिने बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं, नाव सांगितलं, वेद. मागून पाच बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. मनीषाचा हात जरा जास्तच जोरात पडला. देविका किंचाळली, सगळे हसले, कोणाच्या तरी हातून पेढ्यांचं ताट पडलं. वेद झोपलेलाच. "किती गं शांत," मनीषा म्हणाली. मी म्हटलं, आमच्या घराण्यात शांत असा हा पहिलाच.

पाहुणे गेल्यावर मी त्यांना शास्त्र दाखवलं. वेदला लॅमिनेटच्या जमिनीवर दुपट्यावर ठेवलं, त्याच्या मागे उभी राहिले आणि कुकरचं झाकण खाली सोडलं. पोराने दोन्ही हात फेकले आणि भोकाड पसरलं. पुन्हा एकदा, मोठ्या पातेल्याने. पुन्हा तेच. "झालं? हा काय बहिरा आहे?" विनयचा चेहरा तीन आठवड्यांत पहिल्यांदा सैल झाला. त्याने मला मिठी मारली. एवढा घोडा झाला तरी मिठी मारली की अजून सात वर्षांचाच वाटतो.

दिया दारात टी-टॉवेल घेऊन उभी होती. तिने वेदला उचललं आणि जमिनीकडे बघत राहिली. काही विचारलं की खाली बघायचं, ही तिची खोड. उलट बोलली असती तर निदान बोलणं तरी झालं असतं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

अपॉइंटमेंट आज होती. गेले नाहीत. बाळाला सर्दी आहे असं सांगून रद्द केली. विनयने हिंमत केली म्हणायची. दियाच्या हातात असतं तर ती गेलीच असती. कागदावर छापलेलं सगळं तिला खरं वाटतं.

३ मार्च, शुक्रवार

कॅलम नाचत आला. दोन्ही कान बिघडवलेली चाळीस पिल्लं त्याने ताटल्यांत ठेवली आणि पेन्सिलीने ताटलीच्या कडेवर टकटक केली. चाळीसच्या चाळीस पिल्लं सुळकन पळाली. "म्हणजे त्यांना ऐकू येतं," तो म्हणाला. वर आलेखही काढून आणला होता, रंगीत.

मी त्याला बसवला आणि पंधरा मिनिटं सोलला. बेडकाच्या पिल्लाच्या अंगभर बारीक ठिपक्यांच्या रांगा असतात, पाणी हललं की त्यांना कळतं. तू ताटली ठोकलीस, पाणी हललं, पिल्लू पळालं. त्यात कानाचा संबंध कुठे आला? धक्का अंगाला कळला की कानाला, हे वेगळं केल्याशिवाय 'ऐकू येतं' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे कळायला हवं. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण ते शीत त्याच पातेल्यातलं असावं लागतं. हे मी त्याला इंग्रजीत सांगू शकले नाही, त्यामुळे आणखी चिडले.

कान लाल करून गेला. रंगीत आलेख माझ्या टेबलावरच विसरला.

२६ मार्च, रविवार

मदरिंग संडे, इथला मातृदिन. विनयने गुच्छ दिला, अर्थात पेट्रोल पंपावरचा. वेद गुटगुटीत झालाय. माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघतो. डोळे असे की समोरच्याचा प्रत्येक सुरकुतीसकट हिशेब घेतात. बुद्धिमान मुलांचे असतात तसे.

दियाने नवं खूळ काढलंय, 'बेबी साइनिंग'. दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये दहा आया जमतात आणि तान्ह्या पोरांपुढे हातवारे करतात. दूध, अजून, झालं. म्हणे त्यामुळे बाळं लवकर संवाद साधतात. मेडनहेडच्या बायकांना रिकामा वेळ आणि नवऱ्यांना बरे पगार असले की असले धंदे निघतात. "बोलायला तोंड दिलंय देवाने," मी म्हटलं.

जेवताना दियाने मला प्रश्न विचारला. असं क्वचितच होतं. "आई, तुमच्या फ्रॉग्जमध्ये, उशीर झाला तर? म्हणजे नंतर जीन परत चालू केला तर कान नीट होतो का?"

बरा प्रश्न होता. मी सविस्तर सांगितलं की प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते. ठिपका बुडायच्या वेळी हुकूम आला नाही तर मागाहून कितीही हुकूम सोडा, पिशवी होत नाही.

"आणि बेबीज?"

"बाळाचा कान जन्माआधीच पूर्ण झालेला असतो."

"कान नाही. बोलायचा पार्ट. ब्रेनचा."

"तो माझा विषय नाही," मी म्हटलं. ती उठून ताटं गोळा करायला लागली. निम्मी माणसं अजून जेवत होती.

६ मे, शनिवार

मी बरोबर होते हे लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

वेद बदललाय. आज मी दारातून "काय रे लबाडा" म्हटलं आणि त्याने मान वळवली. पुन्हा म्हटलं, पुन्हा वळवली. गिरीश शिंकला तर दचकला. चार महिन्यांत कान कोरडे झाले, मी सांगितलं होतं त्याप्रमाणे. मी सगळ्यांना हे बोलून दाखवलं. विनय टीव्हीकडे बघत होता आणि टीव्ही बंद होता. या घरात कौतुक करायची पद्धतच नाही.

एक गोष्ट मात्र अति झाली. पोराला घरातसुद्धा टोपी. कानांवरून येणारी, हनुवटीखाली बांधलेली, पातळ जाळीची. मी काढायला गेले तर दिया तीन ढांगांत आली. "नको आई. एक्झिमा आहे, क्रीम लावला आहे." एक्झिमाला हवा लागू द्यायची की झाकून ठेवायची? पण ऐकतो कोण. पालथ्या घड्यावर पाणी.

परतताना गाडीत गिरीश म्हणाला, "तू फार बोललीस आज." मी म्हटलं, बरोबर असलेल्या माणसाने थोडं बोलायचं असतं का. त्याने रेडिओ लावला आणि घर येईपर्यंत बंद केला नाही.

१० जून, शनिवार



दुपारी प्रचंड उकाडा. सगळ्या गाड्यांवर झेंडे, इंग्लंडची पहिली मॅच. विनय आणि गिरीश टीव्हीसमोर. दिया वर कपडे वाळत घालायला गेली. वेद माझ्या मांडीवर घामाने भिजलेला आणि डोक्याला तीच टोपी. मी गाठ सोडली आणि टोपी काढली.

दोन्ही कानांमागे एकेक निळं यंत्र, माझ्या करंगळीच्या पेराएवढं. त्यातून नळी निघालेली आणि कानाच्या भोकात पारदर्शक साचा. टोपी काढताना उजवं यंत्र साच्यासकट निसटून माझ्या तळहातावर आलं आणि शिट्टी वाजवायला लागलं. बारीक, सतत. मला बंद करता येईना. कुठे बटण आहे तेही कळेना. एकोणतीस वर्षं कानाच्या नावाचा पगार घेते आहे आणि एवढंसं यंत्र माझ्या हातात ओरडत होतं.

वेद माझ्याकडे बघत होता. तो रडला नाही.

विनय आला, दारातच थांबला. दिया जिन्यावरून उतरली, माझ्या तळहातावरून ते उचललं आणि एका हाताने त्याच्या कानात बसवलं, डूल घालावा तितक्या सहज. शिट्टी थांबली.

"दोन्ही साइडला, आई," ती म्हणाली. "सिव्हिअर. मेच्या फोर्थला मिळाले हे. एप्रिलमध्ये टेस्ट केली."

"मला सांगितलं का नाही?"

तिने खाली बघितलं नाही. "तुम्हाला सांगायचा म्हणजे आधी प्रूव्ह करायचा. मला तेवढा एनर्जी नव्हता. तो त्याच्यासाठी हवा होता."

बाहेर कोणीतरी गोल म्हणून ओरडलं. मी माझी पर्स शोधत बसले. पर्स खांद्यालाच होती.

११ जून, रविवार

गिरीशला एप्रिलपासून माहीत होतं. तो टेस्टला गेला होता. मला सांगितलं, वेटिंग लिस्ट कमी करायला जादा ऑपरेशनं आहेत, आणि मेडनहेडला गेला. दोन तास अंधाऱ्या खोलीत वेदला मांडीवर घेऊन बसला, कारण तपासणीला बाळ झोपलेलं लागतं आणि त्याच्याकडे पोरं झोपतात. देविकाला माहीत होतं. मनीषाला माहीत होतं, तिनेच त्या टोप्या शिवल्या. ज्या घराण्यात शांत कोणी नाही त्या घराण्याने दोन महिने तोंड बंद ठेवलं, आणि तेही फक्त माझ्यासमोर.

"तू तरी सांगायचंस," मी म्हटलं.

"अठ्ठावीस जानेवारीला सांगायला लागलो होतो," गिरीश म्हणाला. तारखेसकट. आणि मग मला सोडून बागेत पाणी घालायला गेला. आज सकाळीच पाऊस पडून गेला होता.

मी दिवसभर चिडलेली होते. फसवलं म्हणून, टोपीखाली लपवलं म्हणून, मनीषाला आधी सांगितलं म्हणून. यादी करत गेले. यादीत माझं नाव येईपर्यंत संध्याकाळ झाली.

१३ जून, मंगळवार

लॅबमध्ये कॅलमचा तो रंगीत आलेख अजून माझ्या टेबलावर आहे. मार्चपासून त्याच्यावर चहाचा कप ठेवते आहे.

आज कप उचलला आणि मला ते झाकण दिसलं. लॅमिनेटची जमीन, पोराची पाठ जमिनीला टेकलेली, मी वरून कुकरचं झाकण टाकते. जमीन हलली. पोराच्या पाठीला कळलं. यात कानाचा संबंध कुठे आला? हे मी कॅलमला पंधरा मिनिटं ऐकवलं होतं, त्या झाकणानंतर महिन्याभरातच. त्याला सोलताना एक क्षणही माझ्या मनात आलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळायला हवं, असं मी म्हटलं होतं. आणि मेमध्ये तो माझ्या आवाजाला वळला तो त्या टोपीखालच्या यंत्रांमुळे, आणि मी त्याच खोलीत उभी राहून स्वतःची पाठ थोपटत होते.

दाराला कडी लावून रडले. मग तोंड धुऊन कॅलमला बोलावलं. सांगितलं की यापुढे सगळ्या ताटल्यांची नावं झाकायची आणि नंबर घालायचे. कुठली टोचलेली, कुठली न टोचलेली, हे मलासुद्धा सांगायचं नाही. तो घाबरून म्हणाला, मागच्या सहाशेंचं काय? मी म्हटलं, तीही पुन्हा.

२० जून, मंगळवार

विनयला तीन वेळा फोन केला. "बिझी आहोत गं आई, नंतर बोलू." आज मंगळवार. दिया वेदला घेऊन चर्चच्या हॉलमध्ये असेल. तो वर्ग ऐकू न येणाऱ्या मुलांचा नाही हे खरं, पण तिने तो मार्चमध्येच धरला होता. म्हणजे मार्चमध्येच तिला कळलं होतं. तिला कळलं ते मला दिसलं नाही, कारण ती प्रायमरीत शिकवते आणि तिला लिंग-वचन येत नाही.

लायब्ररीतून या विषयावरचे एकोणतीस निबंध काढले. यंत्रं कोणत्या महिन्यात मिळाली आणि पुढे बोलणं कसं आलं, एवढंच वाचते आहे. बेडकांना रजा.

२४ जून, शनिवार

दियानेच फोन केला. "या. विनय गोल्फला जाणार आहे." मी एकटी ट्रेनने गेले. गिरीश येतो म्हणाला, मी नको म्हटलं.

वेद वर झोपला होता. आम्ही दोघी किचनच्या टेबलाशी. तिने चहा केला, माझ्या कपात साखर घातली नाही, म्हणजे तिला माझी सवय लक्षात आहे. मी माफी पाठ करून गेले होते. ट्रेनमध्ये चार वेळा म्हणून बघितली होती. तिने ती सुरू होऊ दिली नाही.

"आई, मला एक सांगा. नाइन्थ फेब्रुवारी ते ट्वेंटिएथ एप्रिल. दहा आठवडे. त्याने फरक पडला का?"

मी निबंधांविषयी सांगायला लागले. सहा महिन्यांच्या आत यंत्रं मिळालेली मुलं पुढे चांगली बोलतात, वेदला चार महिन्यांच्या आत मिळाली, म्हणजे आकडे आपल्या बाजूने आहेत.

"ते सगळे सांगतात. ऑडिओलॉजिस्ट, बाबा, विनय. इट मेड नो डिफरन्स. ते दुसऱ्या मुलांचा ॲव्हरेज आहे. मला वेदचा पाहिजे."

फरक पडला नाही, असं मी म्हणू शकले असते. तिला ते 'नाही' हवं होतं, मलाही हवं होतं. एका शब्दात दोघींना झोप लागली असती. पण टोचलेला वेद आणि न टोचलेला वेद असे दोन वेद माझ्याकडे नाहीत. आमच्याकडे एकच आहे.

"माहीत नाही," मी म्हटलं. "काहीतरी गेलं असेल. किती, ते मला माहीत नाही, आणि कोणालाही कधी कळणार नाही. जे गेलं ते माझ्यामुळे गेलं."

ती रडली. बाळंतपणापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं, आणि मी त्याला निगरगट्टपणा म्हणत आले. रडताना म्हणाली, "थँक यू." कशाबद्दल ते मला लगेच कळलं नाही.

नाक पुसून म्हणाली, "मला पण तसाच वाटतो. मी बोलली की सगळे गप्प करतात. डोन्ट बी सिली, दिया."

"ती अपॉइंटमेंट मी विनयला रद्द करायला लावली. तुझं चाललं असतं तर तू गेली असतीस."

"नाही आई." तिने कप फिरवला. "तो फोन मी केला. विनय म्हणत होता, लेट्स जस्ट गो. मी म्हटलं नको. त्या दिवशी जेव्हा तुम्ही झाकण टाकला, मला माझ्या पायाला कळला. जमीन हलली. मला कळला होता. तरी मी फोन केला." तिने कप बाजूला सरकवला. "तुम्हाला कान कळतात ना. मला पाहिजे होता की तुम्ही बरोबर असाल."

एकोणसाठ वर्षांत माझ्यावर इतका विश्वास कोणी टाकला नव्हता, आणि ज्या मुलीने टाकला तिला मी सहा महिने या वहीत मूर्ख लिहीत आले. तिचा हात टेबलावर होता, त्याच्यावर मी हात ठेवला. तिने काढून घेतला नाही.

वर काहीतरी खुडखुडलं. दिया उठायला लागली, मग बसली. "तुम्ही जा," म्हणाली. "झोपताना मशीन्स काढलेत. मागून नका जाऊ, दचकतो. आधी दिसा त्याला."

मी जिना चढले, खोलीत गेले आणि कॉटच्या समोर, खिडकीच्या उजेडात उभी राहिले. तो पायाच्या अंगठ्याशी खेळत होता. मी हाक मारली नाही. त्याने वर बघेपर्यंत तशीच उभी राहिले.